थोडं राहू द्यावं

माशांच्या टाकीतला फिल्टर उघडला की आतून येतो तो वास मातीचा असतो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला हे खरं वाटत नाही, कारण स्पंज हातात येतो तोच मुळी गर्द तपकिरी, बुळबुळीत, कडांवरून गाळ ओघळणारा. याला दुर्गंधी असणारच, असं डोळे आधीच ठरवून टाकतात. पण नाक जवळ नेलं तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात उभं राहिल्यावर येणारा तोच ओलसर, किंचित गोड गंध येतो. त्यात नवल काही नाही. मातीला तो गंध देणाऱ्या सूक्ष्मजीवांचं गणगोत पाण्यातही नांदत असतं. सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र समजावं की आत कुठेतरी पाणी वाहायचं थांबलं आहे, त्या कोपऱ्यातला प्राणवायू संपला आहे आणि आपण यायला उशीर केला आहे. इतकी वर्षं झाली, तरी फिल्टर उघडल्यावर मी आधी डोळ्यांना गप्प बसवते आणि नाकाला विचारते.

हा गंध मला नेहमी आजोळच्या विहिरीपाशी नेतो. रत्नागिरीकडचं गाव, जांभ्या दगडात खणलेली विहीर. वैशाखात पाणी तळाला गेलं की तिचा गाळ उपसायचे. दोन गडी आत उतरत, वर दोघे दोर धरून उभे राहत आणि घमेल्यामागून घमेलं काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ वर येऊन माडांच्या आळ्यांत पडत असे. विहिरीतलं कासव तेवढ्या वेळापुरतं परसातल्या घंगाळात मुक्कामाला यायचं आणि आम्ही मुलं त्याच्याभोवती बसून दिवस काढायचो. आजोबा काठावरून सूचना देत असत. गाळ काढा, पण दगडांच्या सांध्यांत उगवलेल्या नेच्यांना हात लावू नका. तळाशी झऱ्याच्या तोंडाची वाळू हलवू नका. उपसा झाल्यावर पाणी चढू लागलं तरी ते लगेच प्यायला घेत नसत. विहीर बसू दे, म्हणायचे. मग चार दिवसांनी कासव परत आत जायचं, आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासेही सोडले जायचे. खडबडीत काठावर पोटावर पालथं पडून मी त्या गप्पींची चमक शोधत राही. माझ्या टाकीत पुढे कितीतरी रंगीत मासे आले आणि गेले, पण गप्पींशिवाय ती मला पुरी वाटत नाही.

टाकीतला मासा खातो, श्वास घेतो, आणि त्याच्या देहातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरत राहतो. नदीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वाहतं पाणी सगळं पोटात घेतं. काचेच्या चार भिंतींत मात्र तोच अमोनिया माशाचा जीव घेऊ शकतो, आणि पाणी दिसायला स्फटिकासारखं नितळ असतानाही घेऊ शकतो. नवी टाकी मांडून, पाणी लखलखीत पाहून हरखून जाऊन, त्याच दिवशी दहा-बारा मासे सोडणाऱ्या घरात आठवडाभराने जी उदासी येते तिचं कारण बहुतेकदा हेच असतं. जुन्या फिल्टरच्या स्पंजात, त्या तपकिरी लेपात, काही जिवाणू हा अमोनिया खाऊन जगतात आणि त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते हिरावून घेतं. पण त्याच लेपात, अगदी शेजाराला, ते नायट्राइट खाणारे दुसरे जिवाणू असतात, आणि ते त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सोसू शकतात. टाकीतल्या वनस्पतींना ते हवंच असतं, आणि उरलेलं आपण पाणी बदलताना काढून टाकतो. एकाचं उच्छिष्ट दुसऱ्याचं अन्न, दुसऱ्याचं तिसऱ्याचं. गाळणीचा खरा उद्योग हा आहे. कचरा अडवणं हा तिचा वरवरचा भाग.

या गोष्टीच्या शोधात एक बाप-लेक आहेत, आणि मला त्यांची जोडी फार आवडते. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ काम करत. १८४९-५०च्या सुमाराला त्यांनी १२ गॅलनच्या काचपात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती ठेवून पाहिली. वनस्पती प्राणवायू देईल, मासा जगेल, असा हिशेब. पण झडलेली पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्या कुजलेली पानं खाऊ लागल्या आणि पात्रातलं जग सावरलं. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांच्या या समतोलावर त्यांनी केमिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि घराघरांत काचेची मत्स्यपात्रं ठेवण्याच्या छंदाला त्यातून मोठं बळ मिळालं. वडील हे सगळं करत होते तेव्हा त्यांचा मुलगा, तोही रॉबर्टच, अकरा-बारा वर्षांचा होता. पुढे तो वडिलांच्याच प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला आणि रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात जाऊन मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं याच्या मागे वर्षानुवर्षं लागला. हे काम दोन पायऱ्यांनी होतं आणि दोन्ही पायऱ्यांचे जीव वेगळे आहेत, इथवर तो पोहोचला. ते जीव वेगळे काढून दाखवणं मात्र त्याला साधलं नाही. ते १८९०च्या सुमाराला सर्गेई विनोग्रादस्की यांनी केलं. वडिलांच्या समतोलात जो चौथा भागीदार कुणाला दिसलाच नव्हता, त्याचा माग मुलगा शेतातल्या मातीत काढत होता. आपलं काम वडिलांच्या गोल्डफिशलाही लागू आहे असं त्याच्या मनात कधी आलं असेल का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारते.

त्याला ही दिशा मिळाली ती पॅरिसच्या एका प्रयोगातून. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंत्स या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून शहराचं सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवलं. सुमारे २० दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया आत जसा जाई तसाच बाहेर येई. मग नायट्रेट दिसू लागलं, आणि वाढतच गेलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा ते थांबलं. क्लोरोफॉर्म काढून, थोडी बागेतली माती पाण्यात कालवून ओतली, तेव्हा पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम वाळू करत नव्हती, चुनखडी करत नव्हती, कुणीतरी जिवंत करत होतं, ज्याला भूल देता येते आणि ज्याला पुन्हा वसवता येतं. आजही नवी टाकी मांडली की तिच्या फिल्टरला तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू सावकाश वाढणारे. अनुकूल परिस्थितीतही एकाचे दोन व्हायला त्यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. पॅरिसच्या त्या दोघांनी रोज नळीखालचं पाणी तपासून काहीच न सापडण्याचे ते जे २० दिवस काढले, ते मला त्यांच्या निष्कर्षाइतकेच मोलाचे वाटतात.

फिल्टर साफ करणं म्हणजे या वस्तीला धक्का न लावता तिच्या गल्ल्या मोकळ्या करणं. क्रम तसा साधा आहे. आधी प्लग भिंतीतून काढायचा. मग नळीने टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढून घ्यायचं, आणि त्याच पाण्यात स्पंज बुडवून हलक्या हाताने दोन-तीनदा पिळायचा. पाणी पाहता पाहता तपकिरी होतं. स्पंजाची छिद्रं मोकळी झाली, त्यातून पाणी सहज जाऊ लागलं, की थांबायचं. सिरॅमिकच्या पोकळ कड्या फक्त खळबळून घ्यायच्या, घासायच्या नाहीत. स्पंज नळाखाली धरायचा नाही, कारण आपल्याला रोगजंतूंपासून वाचवणारं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जंतूंनाही सोडत नाही. साबणाचा तर हातही लागू द्यायचा नाही. पांढऱ्या कापसाची गादी बदलायची असेल तर ती पुढच्या खेपेला. एकाच दिवशी सगळं नवं करायचं नाही, आणि तळाचे खडेही त्याच दिवशी उपसायचे नाहीत. मग मोटरीतला इम्पेलर, तो चुंबकाचा इवलासा पंखा, अलगद बाहेर ओढून जुन्या टूथब्रशने त्याच्या दांडीवरचा चिकट थर काढायचा. त्याच्या खोबणीतही ब्रशचं टोक फिरवायचं, कारण बहुतेक घरघर तिथूनच येते. शेवटी आदल्या दिवशीपासून भरून ठेवलेलं पाणी बेतानं टाकीत ओतायचं. बादलीतलं तपकिरी पाणी मी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला घालते. माडांच्या आळ्यांतला गाळ त्या वेळी आठवतोच.

आईला हे सगळं मान्य व्हायला वेळ लागला. तिचं सारं आयुष्य स्वच्छतेत गेलं. चिंचेने घासलेली तिची तांब्या-पितळेची भांडी फळीवर ओळीने उभी असत आणि दिवाळीआधी घरातला एकेक डबा उन्हात पडे. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा बादलीशेजारी स्टुलावर बसून माझं काम पाहत असे. "अगं, अजून घाण निघतेय की त्यातून," ती म्हणायची. "चांगला खळखळून धू ना एकदा." मी तिला सांगायची की आई, ही घाणच माशांना जगवते. ती गप्प राहायची, पण चेहऱ्यावर समाधान नसायचं. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "विहिरीचा गाळ काढतानाही तुझे आजोबा झऱ्याकडची वाळू हलवू देत नसत." आपल्या वडिलांची आठवण तिला त्या बादलीपाशी आली याने मला कसंसंच झालं. त्यानंतर स्पंज दोनदा पिळून झाला की तीच म्हणायची, "पुरे आता."

तिचा पहिला आग्रह चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पटकी, विषमज्वर, हगवण डोळ्यांनी पाहिली. पाणी गाळून, उकळून, निवळी उगाळून किंवा तुरटी फिरवून घेण्यात त्यांची भीती आणि माया दोन्ही होती. आणि तरीही माणसाला वाचवणारं पाणी कधीकधी अशाच बुळबुळीत थरातून गाळून आलेलं असतं. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. अगदी लागून असलेलं आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचं पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गची गटारं मिळाल्यानंतरचं, आणि तरी ते बरंचसं वाचलं. कारण तिथे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून जाऊन घरोघरी पोहोचत होतं. अशा गाळणीत खरं काम करतो तो वाळूच्या माथ्यावर धरलेला जिवंत, चिकट थर. तो फार दाट झाला की वरची पातळ वाळू खरवडतात, पण खरवडलेल्या गाळणीवर लगेच भरवसा ठेवत नाहीत. थर पुन्हा धरेपर्यंत तिला काही दिवस देतात. आजोबांनी आल्टोनाचं नावही ऐकलं नसेल, पण विहीर बसू दे म्हणताना त्यांनी मागितला होता तो हाच अवधी.

फिल्टरचा आवाज घराला इतका सरावाचा होतो की तो ऐकू येईनासा होतो. तो आहे हे कळतं ते थांबल्यावरच. भारनियमनाच्या काळात डोंबिवलीत रोज काही तास वीज जायची, आणि पंखा थांबल्याच्याही आधी मला टाकीची शांतता जाणवायची. मासे हळूहळू वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडू-मिटू लागत. निदान त्यांचे हाल दिसत तरी होते. आत स्पंजात वाहतं पाणी थांबलं की त्या न दिसणाऱ्यांचाही श्वास कोंडतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तर काही तासांत प्राणवायू संपतो आणि मरू लागलेल्यांचं विष आत साचतं, म्हणून बराच वेळ वीज गेल्यावर तो थेट सुरू न करता आधी उघडून, आतलं पाणी टाकून द्यावं लागतं. बॅटरीवरचा छोटा एअर पंप मी तेव्हापासून हाताशी ठेवते. अंधारात त्याचे बुडबुडे वर येऊ लागले की आपल्यालाही जरा मोकळा श्वास घेता येतो.

हे सगळं मला शिकवलं ते गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. गॅलरीच्या टोकाला त्यांची टाकी होती, चाळीतली एकमेव, आणि संध्याकाळी तिच्यातला दिवा लागला की आम्हा मुलांचा तिथे मेळा जमायचा. क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणायला ते आम्हाला आळीपाळीने बरोबर नेत, आणि सुट्टीत चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ सालचं ते मत्स्यालय, समोर मरीन ड्राइव्हचा समुद्र; आत शिरलं की एकदम गारवा, काळोख आणि उजळलेल्या काचांची रांग. आम्ही कासवं आणि शार्क शोधत धावायचो. काका मात्र पाणी कुठून येतं, कुठे जातं, नळ्या कुठल्या भिंतीत शिरतात, हे पाहत मागे रेंगाळायचे. आता ते मत्स्यालय बंद आहे. चाळही पुनर्विकासाला गेली. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत गॅलरी नाही.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि पहिली टाकी मांडली, तेव्हा काकांनी आपल्या फिल्टरमधला एक स्पंज काढून, त्यांच्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून मला दिला. "हा तुझ्या फिल्टरमध्ये टाक," म्हणाले, "म्हणजे तुला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही." ती पिशवी मांडीवर धरून मी मशीद बंदरहून गाडी पकडली. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा तो स्पंजही झिजून, विरून गेला. पण जुना स्पंज टाकायच्या आधी नवा त्याच्या शेजारी महिनाभर ठेवावा, म्हणजे वस्ती आपसूक त्यात उतरते, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं, आणि मी ते पाळत आले. एका स्पंजातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चाळ उरली नाही, टाकीची काच उरली नाही, काका उरले नाहीत, पण त्यांच्या गॅलरीतल्या पाण्यात कधीकाळी वसलेल्या कुळातले काही अजून माझ्या घरी माशांचा अमोनिया खात असतील. माणसाकडून माणसाला काय जातं याचा विचार करताना आपण दागिने, जमीन, नाक-डोळे, गळा, राग एवढ्यापाशी थांबतो. दुसऱ्याने जपलेलं, नाव नसलेलं असं काहीतरी आपल्या रोजच्या व्यवहारातही चालू असेल, आपल्याला त्याची गंधवार्ता नसेल, आणि तरी आपलं पाणी त्यामुळेच पिण्याजोगं राहत असेल.

शास्त्रज्ञांनाही या वस्तीची पुरती ओळख पटायला फार काळ लागला. विनोग्रादस्कींनंतर शंभरेक वर्षं नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव सगळ्या पुस्तकांत होतं. १९९८ साली कळलं की घरच्या टाक्यांत ते काम बहुधा नायट्रोस्पायरा करतो. पुढे २०१५ साली आणखी एक नवल पुढे आलं. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मिळाले ते मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत. धाकट्या वॉरिंग्टनने ज्या कामाची दोन माणसांत वाटणी केली होती ते काही ठिकाणी एकच जण पुरं करतो. मी स्पंज पिळते तेव्हा यातले कोण माझ्या बोटांवरून वाहून जातात आणि कोण आत धरून राहतात, मला सांगता येणार नाही. ओळख नसूनही सांभाळता येतं, एवढं मात्र या कामाने मला दिलं.

परवा वरच्या मजल्यावरची मुलगी आली. वाढदिवसाला तिला टाकी मिळाली आहे. "मावशी, तुमच्या टाकीतली ती घाण मला देणार का? माझ्या फिल्टरमध्ये घालायला." तिने कुठेतरी वाचलं होतं. मी शेजारी लावून ठेवलेल्या नव्या स्पंजाचा अर्धा भाग कापला आणि आमच्याच पाण्यात बुडवून डब्यात घालून दिला. शेजारी विरजण मागायला यावं आणि वाटीत घालून द्यावं, तसंच हे. तिने विचारलं, आता आजच सगळे मासे आणले तर चालतील ना? तिला सांगितलं की या स्पंजात जीव आहेत ते आपल्या पोटापुरत्या अन्नाच्या हिशेबाने आहेत. एकदम वीस मासे आले तर त्यांचं सगळं निस्तरणं यांना झेपणार नाही. आधी दोन-तीन गप्पी आण. त्यांना थोडंच खायला घाल. पंधरा दिवसांनी पाणी तपासू, मग आणखी दोन. मासे वाढतील तसे हेही वाढतील, पण त्यांना त्यांचा वेळ लागतो.

"आणि फिल्टर धुवायचा कधी?"

पाण्याचा झोत मंदावला की मला हाक मार, म्हटलं. पहिल्या वेळी आपण दोघी मिळून करू, आणि कुठे थांबायचं ते मी तुला दाखवीन.